बाबांची दोन दिवसांची सुट्टी

आमच्या घरात मीच पहिला बी.ए. झालो. भंडाऱ्यात मास्तर म्हणून लागलो आणि नाताळच्या सुट्टीत, धानाची मळणी आटोपल्यावर, बाबांना डोंगरातल्या तलावावर न्यायचं ठरवलं. साहेबलोक तिथं बायकापोरं घेऊन जात, रेस्टहाउसात उतरत, नावेत बसत, मचाणावरून जनावरं पाहत. माझ्या बापानं का पाहू नये? तीन खेपा घालून मी खोली मिळवली. बाबांकडून एकच कबूल करून घेतलं : दोन दिवस हाताला माती लावायची नाही.

तलाव पाहण्यासारखाच होता. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला मातीचा लांब बांध, ज्याला आम्ही पार म्हणतो. थंडीची बदकं उतरली होती. मी नावेचं विचारून आलो, तर बाबा जाग्यावर नाहीत. पारीच्या खालच्या अंगाला उकिडवे बसून ओल्या मातीत बोट घालून पाहत होते.

"बापू, पानी गढूळ येऊन राहिलं."

"येऊ द्या. नाव निघते आता."

"निवळ पानी असतं त सोडून देलं असतं. गढूळ म्हणजे पार आतून धुपून राहिली. वर खेकड्याचं बीळ असन."

आमच्याकडे रीतच आहे, पार झिरपताना ज्याला दिसली त्यानंच माती टाकायची. तलाव कोणत्या गावचा, हे विचारायचं नाही. मला ही रीत ठाऊक होती. तरी मी रेस्टहाउसच्या चौकीदारासमोर त्यांच्यावर ओरडलो, "पाहुण्यासारखं राहता येत नाही का तुम्हाला?"

चौकीदार हसला. "मास्तर, बुढ्याले कायले आनलं जी? त्याले सुट्टी पचत नाही."

मी त्याच्यावरही तडकलो. तेवढ्यात नाव निघून गेली.

बाबांनी बागेतलं फावडं आणलं. पाण्याच्या बाजूचं बीळ शोधलं, चिकणमातीत गवत कालवून आत ठासलं आणि वर उभे राहून तुडवू लागले. तितक्यात जीप आली. पाटबंधारे खात्याचे साहेब उतरले.

"कोणी खोदलं हे?"

"खोदलं नाही जी, बुजवलं," बाबा म्हणाले.

साहेबानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या इस्त्रीच्या प्यांटीकडे पाहिलं. "तुम्ही शिकलेले दिसता. समजवा याला. सरकारी कामात हात घालायचा नाही. तक्रार असेल तर अर्ज द्या."

याला! माझ्या बापाला!

"साहेब," मी म्हणालो, "हा तलाव असल्याच माणसांनी बांधला, पिढ्यान्‌पिढ्या राखला. गढूळ पाझर कोणता, निवळ कोणता, तुम्हाला सांगता येतं का? मग समजवायचं कोणी कोणाला?"

साहेबाचं तोंड लाल झालं. "खोली खाली करा. आत्ताच्या आत्ता. आणि तू," ते चौकीदाराकडे वळले, "ती माती काढून टाक."

चौकीदारानं फावडं उचललं. बिळापाशी गेला. मग पार ओलांडून खालच्या अंगाला उतरला, वाकून पाहिलं. पाझर थांबत आला होता. त्यानं फावडं खाली ठेवलं.

"मी नाही काढत जी. खालच्या बांधीत माझं लाखोरीचं पीक उभं हाय."

साहेब जीपमध्ये बसले. मातीला कोणी हात लावला नाही, पण आमची खोली गेलीच. संध्याकाळच्या साकोलीच्या बसमध्ये बसलो तेव्हा बाबांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता, आणि ते खुशीत होते.

"पुढच्या खेपेस फावडा घरूनच आनू. त्याहिचा बोथट हाय."

मी हसलो नाही. मला त्यांना एकदा नावेत बसलेलं पाहायचं होतं, इतकंच. त्यात साहेब आडवा आला, पार आडवी आली, आणि स्वतः बाबाही. कोणावर किती रागवायचं, ते मला आजही ठरवता येत नाही.