आमच्या घरातलं ओलाव्याचं यंत्र

ज्या दिवशी आमच्या घरात हवेत ओलावा सोडणारं यंत्र आलं, त्या दिवशी गेल्या बाजाराला धुतलेली चादर अजून ओटीवर वाळत होती.

तुम्ही म्हणाल, मालवणात ओलाव्याचं यंत्र कशाला? बरोबर आहे. इथे मीठ चिमटीने नाही, पळीने वाढावं लागतं! आगपेटी चुलीच्या कडेला शेक घेत बसलेली असते. सकाळी तळलेल्या पापडाची संध्याकाळी रुमालासारखी घडी घालता येते. पण यंत्र आणलं होतं माझ्या सख्ख्या भावाने, बाळाने. बाळा बहारिनला नोकरीला. चतुर्थीला रजेवर मसुऱ्याला, आमच्या माहेरी आला, तो माझ्याकडे यंत्र हातात घेऊनच आला. पांढरं, गोल, खुडूक कोंबडी बसावी तसं.

“ताये, थंय हवा इतकी सुकी, नाकातसून रगात येता. ह्या लावल्याबिगर झोप नाय.”

“आणि हय नाकातसून पाणी येता, त्येचा काय?” ह्यांनी विचारलं. (हे म्हणजे आमचे मास्तर. हायस्कुलात गणित शिकवायचे, त्यामुळे घरातही प्रत्येक गोष्टीचं उत्तर मागायचे.)

मी ह्यांच्याकडे असं बघितलं की ह्यांनी लगेच यंत्राची स्तुती केली. माहेरची वस्तू हो!

“टिकतला किती रे?” सासूबाईंनी विचारलं. भांडं असो, कोंबडी असो, सून असो, घरात नवीन काही आलं की त्यांचा पहिला प्रश्न हाच.

“नीट वापरलास तर चार-पाच वर्सां खंय गेली नाय,” बाळा म्हणाला. “पण ताये, बावीचा पाणी घालू नको हां! आपली बाव खारी. खाराचो थर बसता नि मशीन मरता. एकदम शुद्ध पाणी व्हया. रोज उरलेला पाणी ओत, टाकी धू, पुसून ठेव.”

“शुद्ध म्हणजे कसला रे?”

“थंय बाटलीत मिळता, गाळलेला,” असं म्हणून बाळा पानावरून उठला आणि मसुऱ्याची एस्टी पकडायला धावला.

आता आली का पंचाईत! आमच्याकडे बाटलीत मिळायचं रॉकेल. बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी खारट, नळाचं गढूळ, टाकीत बेडूक. मी विचार केला, विचार केला, आणि माझी नजर गेली देवघराच्या कोपऱ्यात. गणपतीला आलेल्या नारळांचा ढीग! अहो, माडाने साठ हात उंच नेऊन गाळलेलं, वर देवाने स्वतः सील केलेलं पाणी! बहारिनच्या बाटलीला एवढी शुद्धता कुठून येणार? रोज सकाळी एक नारळ फोडायचा, खोबरं कालवणाला, पाणी यंत्राला. टाकी धुण्याचं म्हणाल, तर शुद्धाला काय धुवायचं?

यंत्र ठेवलं ह्यांच्या टेबलावर, ओटीच्या दाराशी. (आत ठेवलं तर सुलूवयनीला कसं दिसणार? सुलूवयनी म्हणजे आमची शेजारीण.) हे तिथेच वह्या तपासत बसायचे. बटण दाबलं की फुस्स करून धुकं निघायचं ते थेट ह्यांच्या तोंडावर. लाईट दिवसातून दहादा जायची, आली की यंत्र दचकून पुन्हा फुस्स! मी बंद कशाला करू? बंद यंत्र शेजारणीला काय दाखवायचं?

चतुर्थी उलटली आणि एक दिवस सासूबाईंनी मला न्हाणीच्या मागे बोलावलं.

“गो, तुका कसलो वास येता काय?”

“कसलो?”

“माडयेचो,” त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या. “आंबल्यासारको. ओटयेर येता. तुझो घोव बसता थंय.”

मी तशीच धावत जाऊन ह्यांचा खुंटीवरचा सदरा हुंगला. आंबट! डोक्यावर घालायची टोपी हुंगली. आंबट! डोळे बघितले तर लाल! आणि नेमकी वेळ अशी वाईट, की हेडमास्तर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी ह्यांचं नाव होतं. ह्यांच्या डोक्यावर शाळेची कमिटी बसलेली, आणि हे माडी, म्हणजे माडाची दारू, पितात? मास्तराची खुर्ची वासावरून जाते हो आमच्याकडे!

मी पाळत ठेवली. हे रोज संध्याकाळी जेटीकडे जायचे, पूर्वी कधी जात नसत. मी मासळीची टोपली काखेला मारून मागून गेले. बघते तर हे जेटीच्या टोकाला दोन्ही हात पसरून वाऱ्यात उभे!

“अहो, काय करतास?”

दचकले. “सदरो सुकयतंय! घरात माका कोंदाटल्यासारख्या होता गो. आंग चिकचिकता.”

(पिणारे पहिल्यांदा हेच सांगतात. घरात कोंदटल्यासारखं होतं!)

“आणि डोळे कित्याक लाल?”

“तुझा ता मशीन!” हे चिडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुका म्हणान सांगतंय, आवशीर लक्ष ठेव. गुडघ्याक चोळूक काजूची दारू आणलेली, ती बाटली लवकर संपूक लागली. घरात वास येता.”

बघा! चोर तो चोर, वर आईवर आळ!

त्यात मुंग्या झाल्या. लाल मुंग्यांची रांग दारातून टेबलावर, टेबलावरून गणिताच्या वह्यांत. वह्यांची पानं एकमेकांना चिकटली. पोरांची उत्तरं एकमेकांवर उठली, आणि ह्यांना सगळ्या वर्गाने नक्कल केल्याचा संशय आला. सुलूवयनी कुंपणावरून म्हणाली, “मास्तर आजकाल खूश दिसतत हां!” तिचं ते ‘खूश’ माझ्या काळजात माशाच्या काट्यासारखं रुतलं.

सासूबाईंनी मला देवळात नेलं. पुजाऱ्याला बाहेर थांबवून स्वतःच मुलासाठी गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! माझ्या झिलाची जी काय वायट सवय आसात ती दूर कर...”

“व्हय म्हाराजा!” मी.

“जेणी कोणी त्येका ही पिवची सवय लावल्यानी, त्येका शोधून समोर उभो कर...”

“व्हय म्हाराजा!” मी सगळ्यात मोठ्याने.

“झील सुदारलो तर तुका नारळ ठेवतलंय.”

देव आमचा जागृत. दुसऱ्याच दिवशी हेडमास्तर दारात!

“जरा बोलायचं होतं मास्तर,” ते शुद्ध भाषेत म्हणाले. (आमच्याकडे माणूस शुद्ध बोलायला लागला की समजावं, काहीतरी वाईट आहे.) “कमिटीच्या कानावर काही गोष्टी आल्यात. आपल्या... अंगाला येणाऱ्या वासाबद्दल.”

हे पांढरे पडले. सासूबाईंनी दाराआड पदर तोंडाला लावला. मी घाईघाईने हेडमास्तरांना ह्यांच्याच खुर्चीत बसवलं आणि मान म्हणून यंत्र लावलं. फुस्स! धुकं हेडमास्तरांच्या तोंडावर. त्यांनी नाक वर केलं. एकदा हुंगलं. दोनदा हुंगलं. ह्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की खुर्ची गेलीच म्हणून समजा!

तेवढ्यात यंत्राने घुर्र केलं, खोकल्यासारखं खॅक केलं, हेडमास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक पिवळी गुळणी टाकली आणि कायमचं गप्प झालं. आणि दारात बाळा! बहारिनला परत जायच्या आधी भेटायला आलेला.

“ताये, मशीन कसा चलता?”

बाळाने पुढे होऊन टाकी उघडली. आतून जो वास निघाला, त्याने सासूबाई दाराआडून बाहेर आल्या. तळाशी पिवळा, बुळबुळीत गोळा, त्यात मेलेल्या मुंग्या.

“गो, काय घातलंस ह्येच्यात?”

“शुद्ध पाणी,” मी म्हटलं.

“कसला शुद्ध?”

“नारळाचा.”

बाळाने कपाळावर हात मारला. “अगो, नारळाचा पाणी आंबता! चार वर्सां जाता म्हटलंय ता पाण्यार. माडयेर न्हय!”

सासूबाई ह्यांच्याकडे बघायला लागल्या, हे सासूबाईंकडे. दोघांनाही एकमेकांची माफी मागायची होती, पण आमच्या घरात ती पद्धत नव्हती. म्हणून दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं.

आणि हेडमास्तर? ते स्वतःची बाही हुंगत होते. “मास्तर,” ते घाबरून म्हणाले, आणि त्यांची शुद्ध भाषा कुठल्या कुठे पळाली, “आता मी असो घराक कसो जाव? माझी बायल माका घरात घेवची नाय!” उठायला गेले तर धुक्याने चिकट झालेली खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. बाळाने आणि ह्यांनी दोन बाजूंनी धरून ती सोडवली, आणि ह्यांनी आपला धुतलेला सदरा त्यांना घालायला दिला. (तो पण ओलाच होता.)

पुढे खुर्ची ह्यांनाच मिळाली. शाळेतली म्हणते मी. हेडमास्तरांनी कमिटीला नक्की काय सांगितलं, ते त्यांनाच ठाऊक.

सासूबाई मात्र नवसाला पक्क्या. झील सुधारला, म्हणून देवाला नारळ ठेवायला घेऊन निघाल्या. मी म्हटलं, “आये, द्या, मी धरतंय.”

त्यांनी नारळ पदराखाली घेतला. “नको गो. देवान शोधून समोर उभी केल्यान, तेवढा पुरे.”

यंत्राच्या टाकीत आता कढीलिंबाचं रोप आहे, आणि ते छान टिकलंय, बावीच्या खाऱ्या पाण्यावर! पण अजूनही घरात नारळ फुटल्याचा आवाज झाला की ओटीवरून हे हाक मारतात, “आये, बघ गो! सून एकटीच आसा काय थंय?”