बारीक आसाची बायो

"आली का बायो?"

दुकानाच्या पायरीवर काठी आपटून तांडेल असं विचारायचे, तेव्हा बाकावरची गिऱ्हाइकं आधी त्यांच्याकडे आणि मग रस्त्याकडे बघायची. आमच्या भागात बायो म्हणजे लाडाची पोर. एकदा कारखान्यातला एक कामगार सेफ्टीचा चष्मा न्यायला आला होता. त्याने कळवळून विचारलं, "चाचा, बेटी कौन-सी गाड़ी से आ रही है?"

"विलायत से," तांडेल म्हणाले. "रस्ते में हाय."

बोईसरला माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढते, काचा बसवते, लोकांनी बुडाखाली घेतलेल्या फ्रेमी सरळ करते. तांडेल जवळच्या दांडी या मच्छीमार गावचे. उभा जन्म बोट चालवण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना तांडेल म्हणत आणि मीही तेच म्हणायची. उजवा डोळा लहानपणी गळ लागून गेलेला. डाव्याचा आतला पडदा वर्षानुवर्षं विझत आलेला आणि त्यात आता फक्त उजेड उरला होता. दिवस आहे की रात्र, खिडकी कुठल्या बाजूला आहे, एवढंच कळायचं. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचं चष्म्याच्या दुकानात काय काम?

काम बायोचं होतं. मासळी विकणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकींना, म्हणजे तांडेलांच्या बायकोला, एक व्हिडिओ आला. परदेशात कुणा आंधळ्याला 'बायोनिक डोळा' बसवला आणि त्याला टेबलावरचा कप दिसला. मला या फॉरवर्डचा मनस्वी राग आहे. कारल्याच्या रसाने चष्मा घालवणारेही तिथेच भेटतात. पण हे खोटं नव्हतं. काकींनी मात्र ते 'बायोचा डोळा' असं ऐकलं आणि फोन खाली ठेवून रडायलाच लागल्या.

"कुनाच्या बायोचा डोला काडून आनला गो? आपल्याला नको असलं पाप!"

तांडेलांनी समजूत घातली, की डोळा कुणाचा नाही, यंत्राचा आहे, आणि त्याचा कॅमेरा चष्म्यात बसतो. तेव्हापासून त्या यंत्राचं नाव बायो पडलं. आणि चष्मा आहे म्हणजे चष्म्याच्या दुकानातच येणार, हा हिशेब तांडेलांनी स्वतःचा स्वतः केला. झालं! आठवड्यातून दोनदा दोघं शेअर रिक्षाने दांडीहून माझ्याकडे हजर.

मी सांगून थकले, की तांडेल, हे असं दुकानात येत नाही, डोळ्याच्या आत ऑपरेशन करून चिप बसवावी लागते. "मंग चश्मा तरी तुज्याकडंच येनार ना, डॉक्टरीन?" मी डॉक्टर नाही, हेही सांगून थकले होते.

स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. स्टुलावर बसवलं, की दोन मिनिटांत उठून फ्रेमींच्या स्टँडपाशी. एकेक फ्रेम चाचपायची, नाकावर चढवायची आणि बाकावरच्या अनोळखी बाईला विचारायचं, "कसा दिसतो?" काकी पदराआडून म्हणायच्या, "चोरासारखा." मग दुसरी फ्रेम. ते गेल्यावर सगळा स्टँड मला पुन्हा लावावा लागे आणि मी चरफडत तो लावत असे.

या उतावळेपणाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. बोट परतीला लागली होती, दिवेलागण झाली होती. अणुकेंद्राचे दिवे दिसले, की दांडी आली, हे त्यांचं रोजचं गणित. त्या दिवशी त्यांनी खलाशांना विचारलं, "आज दिवे लागले नाय का?" दिवे समोर लखलखत होते.

"तवा समजलं, आपला डोला विजतोय," ते म्हणाले. "आता जो काय उजेड हाय तो पन रोज थोडा थोडा जातो. बायोला टायम हाय, डॉक्टरीन. मला नाय."

एकदा मी नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्यावर बारीक टोकांची जाळी बसवतात, पन्नास-साठ टोकांची. प्रत्येक टोकाने एक ठिपका उजळतो. त्या ठिपक्यांवरून समोर काय आहे ते ओळखायला शिकायचं. तांडेलांची बोटं मांडीवर काहीतरी मोजू लागली.

"मंजे जालंच ना. आस केवडा?"

आस म्हणजे जाळ्याचं एक घर. मी म्हटलं, "मोठा आहे."

"मोट्या आसात घोलीसारखा मोटा मासा लागेल, बारीक जवला नाय लागायचा. सगला निसटून जानार. दार लागेल, बोट लागेल. मानसाचं तोंड?"

"तोंड नाही लागणार, तांडेल."

"मंजे तोंड जवल्यात गेलं," ते म्हणाले आणि काकींकडे वळून हसले. "तुजं तोंड जवला, ऐकलंस?" काकी हसल्या नाहीत. काकींचं तोंड तांडेलांनी शेवटचं पाहिलं तेव्हा काकींचे केस काळेभोर होते, हे मला माहीत होतं.

त्यानंतर प्रश्न बदलला. आस बारीक झाला का? मीही हळूहळू त्यांच्या नादाला लागले. गिऱ्हाईक नसलं, की मोबाइलवर शोधत बसायची. कुठे टोकं वाढवली होती. कुठे डोळा वगळून थेट मेंदूतच तारा सोडायचं चाललं होतं. आणि कुठे एका कंपनीने धंदाच बदलला आणि ज्यांच्या डोळ्यात यंत्र बसलं होतं त्यांना दुरुस्ती करणारं कुणी उरलं नाही. तेही मी सांगितलं. तांडेल भडकले. "इंजिन बिगडलं तर दुसरी बोट वडून आनते. डोल्यातलं इंजिन कोन वडनार?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तिकडं जालं विनायला बसवलंय कोन? आमचे दांडीचे चार म्हातारे पाटव."

आणि मग खरोखरच निरोप आला. मुंबईच्या एका इस्पितळात अशा यंत्राची चाचणी होणार होती आणि माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी तांडेलांना तपासायला बोलावलं. तपासणीत ते चाचणीसाठी योग्य ठरले. पण उजवा डोळा कामाचा नव्हता. यंत्र बसवायचं तर डाव्यातच, आणि ऑपरेशनमध्ये डाव्यातला उरलेला उजेड जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ठिपके मिळतील किंवा मिळणारही नाहीत.

परत आले तेव्हा त्यांनी एकाही फ्रेमला हात लावला नाही. नुसते येरझाऱ्या घालत होते, काउंटरला आपटत होते. काकी म्हणाल्या, "जेवन नाय, झोप नाय. हो बोल नायतर नाय बोल, पन बस एका जागी!" पुढे कितीतरी दिवस मला सकाळी दुकान उघडायच्या आत फोन. आज हो, उद्या नाही. मी म्हटलं, "तांडेल, हे तुमचं तुम्हीच ठरवायचं. तुमच्या जागी मी असते तर मलाही ठरवता आलं नसतं."

शेवटी एकदा फोनवर म्हणाले, "नाय जात. हातचं सोडून पलत्याच्या पाटी कोन लागेल? बारीक आसाची बायो येऊ दे. तवर हाय तो उजेड पुरवून वापरतो."

मला हायसं वाटलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. दांडीकडचं कुणी आलं, की मी विचारायची, तर तांडेल बरे आहेत, जाळी विणतात, असं कळायचं. स्टँडवरच्या फ्रेमी आता दिवसभर लावलेल्या तशाच राहतात आणि मला ते अजिबात आवडत नाही.

परवा काकी एकट्या आल्या. बसल्या नाहीत. "पोरी, त्या मुंबईच्या डॉक्टरांना इचार ना, अजून घेतात का."

मी तिथल्या तिथे फोन लावला. जागा भरल्या होत्या. पुढे नवं यंत्र येईल तेव्हा कळवू म्हणाले. कधी, ते त्यांनाही सांगता येईना. मी काकींना तसंच सांगितलं आणि विचारलं, की तेव्हा तांडेलांनी स्वतः नको म्हटलं, मग आता काय झालं?

काकी काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिल्या.

"दुपारी आमच्या दारातून उजेड येतो. तो दाराकडं तोंड करून विनत बसतो. मी दारात आले, की वरडतो, सर बाजूला, उजेड अडतो. रोजचंच हाय. त्या दिवशी मी दारात उबी ऱ्हायले, तर काय बोललाच नाय. विनत ऱ्हायला. मी किती येल उबी. श्वास पन घेतला नाय. मंग माजी बांगडी वाजली."

"मग?"

"लगेच वरडला, सर बाजूला, उजेड अडतो."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काकींनी पदर खोचला आणि जायला निघाल्या. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत, काकी?"

"काय करनार? सरले."