एकट्याले उचलता येईल अशी गाडी

ह्यांच्या बायपासनंतर डॉक्टरांनी काही महिने वजन उचलू दिलं नाही. ते महिने संपल्यावर मी उचलू दिलं नाही. पाण्याची बादली, तांदळाची पिशवी, गॅसचं सिलिंडर, बाजारातून आणलेला साधा कोहळासुद्धा मी ह्यांच्या हातातून काढून घ्यायची. जवाहरनगरच्या फॅक्टरीत जन्मभर लोखंडाशी झोंबलेला माणूस. रिटायर होऊन आम्ही पवनीजवळच्या आमच्या गावी परत आलो, तर हे घरात पाहुण्यासारखे बसून राहायला लागले. मला वाटायचं, बसू दे. बसलेले दिसतात, म्हणजे आहेत.

बसल्या बसल्या मोबाइल पाहणं आलंच. एक दिवस मोबाइलवर ते गोरे लोक सापडले, मोठाली हेल्मेटं घालून ओढ्यातून, चिखलातून, दगडधोंड्यांवरून मोटारसायकली नेणारे. त्यांचा एक शब्द ह्यांच्या तोंडी बसला, ट्रेल. मी विचारलं, ट्रेल म्हणजे काय वो? तर म्हणाले, पांदण. बैलगाडीची वाट. आता पांदण तर आमच्या घरामागूनच जाते, धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, तलावाच्या उंच मातीच्या पाळीवर आणि तिथून मोहाच्या झाडांतून थेट टेकडीपर्यंत. तिथं जायला चप्पल पुरते. पण ह्यांना गाडी पाहिजे होती.

डॉक्टर तरी झापतील म्हणून मी मुद्दाम त्यांच्यासमोर विषय काढला. ते म्हणाले, हळू चालवा, दमलात की थांबा, फार जड गाडी घेऊ नका. घ्या! म्हणजे परवानगीच झाली. मुलगी नागपूरहून फोनवर ओरडायला लागली, तेव्हा ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात निघून गेले.

हलकी म्हणजे किती हलकी, ते ह्यांनी आपल्या हिशेबानं ठरवलं. पांदणीत गाडी पडणारच, ज्याला पडायचं नसेल त्यानं डांबरी रस्ता सोडू नये. तेव्हा गाडी पडली की "एकट्याले उचलता आली पायजे." एवढीच अट. मला तो एकट्याले शब्द लागला. लग्न झाल्यापासून ह्यांच्या प्रत्येक गाडीवर मागं मी बसत आले, आणि आता म्हणे एकट्याले.

नागपूरच्या शोरूममध्ये ह्यांनी आधी एक उंच, नवी कोरी गाडी पाहिली. वर बसले तर पायाची बोटंच तेवढी जमिनीला टेकत होती. मग उतरले आणि तिथल्या मुलाला म्हणाले, आता ही जमिनीवर आडवी कर. मुलाला वाटलं, काकांची थट्टा चालली आहे. हे थट्टा करत नव्हते. आडवी केल्याशिवाय उचलता येते का नाही ते कसं कळणार, असं त्याला समजावत बसले. तो मॅनेजरला बोलवायला गेला आणि मी ह्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

दुसरी पाहिली ती खरी चिखलातलीच गाडी. काडीसारखी हलकी, पण लाइट नाही, नंबर नाही. रस्त्यावर चालवायचीच नाही, पांदणीपर्यंत न्यायची तरी टेम्पोत घालून. मी म्हटलं, वा, नवरदेव घोड्यावर आणि घोडा टेम्पोत. ती पण गेली.

शेवटी पवनीत एका मेकॅनिकच्या आवारात एक जुनी शंभर सीसीची गाडी मिळाली. दूधवाल्यानं वापरलेली, दोन्ही बाजूंना कॅन लटकवायच्या कड्यांसकट. हिची उंची बेताची, कागदपत्रं नीट. मेकॅनिकनं बिनतक्रार पोती अंथरली आणि गाडी त्यांवर आडवी केली. हे वाकले, हँडल धरलं, जोर लावला. गाडी अर्धी वर आली, ह्यांचा चेहरा लाल झाला, तसा मेकॅनिकनं मागून कॅरिअरला हात घातला. गाडी उभी राहिली. मला हायसं वाटलं. ह्यांनी मात्र मेकॅनिककडे असं पाहिलं, जसं काही त्यानं खिशातून पाकीट मारलं होतं. तरी गाडी घेतली. म्हणाले, अजून हलकी करतो हिले.

मग महिनाभर अंगणाचा कारखाना झाला. पुढं खोल नक्षीचा टायर आला, चिखलात पकड धरणारा. मागचं चेनचं दातेरी चाक मोठं बसवलं, त्यानं गाडी पळते कमी पण चढते जास्त. पुढचा मडगार्ड उंच केला, म्हणजे चिखल आत ठासून बसत नाही. इंजिनखाली पत्र्याची ढाल ठोकली. सायलेन्सरला हात लावला नाही, कारण आवाज करत गाव उठवायचं वय आपलं नाही, असं स्वतःच म्हणाले. आणि काढायचं ते काढतच सुटले. दुधाच्या कड्या काढल्या, कॅरिअर काढलं, लेगगार्ड काढला. अधूनमधून गाडी ढकलत राइस मिलच्या काट्यावर नेऊन वजन करायचे. तिथले हमाल विचारायचे, काका, धान सुकला का?

एक दिवस मी चहा घेऊन गेले तर साडी गार्ड खाली पडलेला. मागचे पायठेवे पण काढलेले. मी विचारलं, हे काहून काढलं? म्हणाले, झुडपात अडकते, वजनाले भारी. मी म्हटलं, अन् मी कुठं बसू? ह्यांनी पाना फिरवायचा थांबवला, पण मान वर केली नाही. म्हणाले, पांदणीत दचके बसतात, तुह्यी कंबर दुखते. माझ्या कंबरेची काळजी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निघाली होती. मी त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली.

खरं सांगायचं तर मला मागं बसायची हौस नव्हती. मला भीती होती. मी मागं असले तर काही झालं तरी मी तिथं असेन, एवढंच माझं म्हणणं. म्हणूनच अंगणात हे गाडी आडवी करायचे तेव्हा मी हातातलं टाकून धावायची. दोनदा केली, दोन्हीदा मी हँडल धरलं. तिसऱ्यांदा अंगणात केलीच नाही.

दिवाळीच्या आधी पांदण वाळायला लागली तसे हे निघाले. मी मागच्या दारात उभी राहून आवाज ऐकायची. पाळीवर चढताना इंजिन घुमायचं, उतरलं की बारीक व्हायचं. तासाभरात परत यायचे, चिखलानं माखलेले, आणि जेवताना एक भाकर जास्त मागायचे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

मग एका सकाळी पाळीवर चढता चढताच आवाज बंद पडला. थांबले असतील म्हणून मी वाट पाहिली. वाट पाहवेना तशी पायात चप्पल घालून निघाले, तर वळणावर हे पायी येताना दिसले. एका अंगाला चिखल. मी आधी छाती पाहिली, मग हात, मग पाय. काही लागलं नव्हतं. म्हणाले, गाडी पडली, चाल माह्यासंगं. एवढंच.

पाळीच्या उतारावर गाडी पडली होती, चाकं चढाकडं आणि हँडल खाली चिखलात. शेजारच्या बांधीत बाया धान कापत होत्या. एक हाक मारली असती तर चारजणी आल्या असत्या. ह्यांनी हाक मारली नव्हती, घरापर्यंत चालत आले होते. मी तोंड उघडलं, बोलायचं पुष्कळ तयार होतं, पण हेच आधी बोलले.

"दोनदा ओढली. छाती उलते का काय, असं वाटलं. भेव वाटला मले." मग गाडीकडं पाहून म्हणाले, "विकून टाकतो. ऑपरेशन झालं तवापासून कोणी मले काहीच उचलू देत नाई. म्हटलं, एवढी एक गाडी तरी..."

कोणी म्हणजे कोण, ते मला कळलं. मी ह्यांना जपता जपता ह्यांच्या हातात काही ठेवलंच नव्हतं. इतकं वाईट वाटलं मला की त्या गाडीवरचा सगळा राग तिथंच उतरला.

मी पदर खोचला. दोघांनी मिळून गाडी फिरवली, ओढत खालच्या कोरड्या जागेवर आणली आणि उभी केली. हे किक मारायला गेले, तशी मी म्हटलं, "थांबा. आडवी करा."

"कायले?"

"आडवी करा म्हणते ना."

ह्यांनी केली. त्या गोऱ्या लोकांना मी ह्यांच्या खांद्यावरून पाहिलं होतं. ते हँडल धरून ओढत बसत नाहीत, गाडीकडं पाठ करून खाली बसतात आणि पायांच्या जोरावर उठतात. दवाखान्यात ह्यांना पलंगावरून असंच उठायला शिकवलं होतं, हातांवर जोर न देता, सगळा भार मांड्यांवर घेऊन. मी तसं सांगितलं, छातीत जरा जरी दुखलं तर सोडून द्यायची हेही सांगितलं, आणि चार पावलं मागं जाऊन हात पाठीमागं धरले.

हे गाडीला टेकून खाली बसले. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात सीटखालचा दांडा. उठायला लागले तशी गाडी हलली, सरकली, पुन्हा टेकली. बांधीतली एक बाई विळा ठेवून लगबगीनं आमच्याकडं यायला लागली. मी तिला म्हटलं, "नको बाई. उचलू दे त्याइले." ती तिथंच थांबली. माझी नखं माझ्याच मनगटात रुतली होती.

हे एक पाऊल मागं सरकले, मग आणखी एक. गाडी ह्यांच्या पाठीला लागून वर येत गेली आणि उभी राहिली. स्टँड लावायचं सुचलं नाही, तसेच तिला धरून हे उभे राहिले आणि खांदे हलायला लागले. डोळे पुसायला ह्यांचा एकही हात मोकळा नव्हता. मी जागची हलले नाही.