दोन तासांच्या हवेचे चार वाटे

आमची विहीर सामाईक. आम्ही चौघे चुलतभाऊ पाणी पाळीने घेतो. गाळ काढायचा असो की दोर आणायचा, सगळ्याचे चार वाटे. कांदा ऐन पोसायला लागला आणि दोर तुटून आमची पाण्यातली मोटर तळाला गेली. गळ टाकून टाकून दमलो, हाती नुसता गाळ आला. शेवटी पुण्याहून पाठीला टाकी बांधून बुडी मारणारा माणूस बोलावला.

टाकी किती वेळ पुरते, हे मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. तो म्हणाला, बारा लिटरची टाकी, दोनशे बार दाब, म्हणजे चोवीसशे लिटर हवा. मिनिटाला वीस लिटर धरले तर काठावर बसून दोन तास. पण दहा मीटर पाण्याखाली दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट लागते. त्यातली पाव टाकी वर येण्यासाठी राखायची. शिवाय गाळात काम करताना धाप लागते. उरतो जेमतेम अर्धा तास.

भावांनी त्यातले ‘दोन तास’ तेवढे ऐकले. लगेच वाटे पडले, प्रत्येकाला अर्धा तास. एकाचा तांब्याचा हंडा, दुसऱ्याची जुनी मोटर, तिसऱ्याचा पाण्याचा पाइप, सगळं कधी ना कधी विहिरीत पडलेलं. मी म्हणालो, आधी चालू मोटर काढा. थोरले म्हणाले, ती सामाईक आहे, शेवटी काढू. पुन्हा हिशेब सांगायला लागलो, तर म्हणाले, “तुझं गणित राहू दे राव. पावणं, हंडा पायऱ्यांपाशीच हाय, जाता जाता घ्या.”

हंडा निघाला. पाइप निघाला. जुनी मोटर काही सापडली नाही, पण ती शोधताना सगळा गाळ ढवळला गेला. आमच्या मोटरीला दोर बांधायला तो गेला तेव्हा त्याला हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. थोड्याच वेळात तो मोकळ्या हातांनी वर आला.

“अजून पाव टाकी हाय की,” थोरले म्हणाले.

“ती माझ्यासाठी आहे, दादा,” तो म्हणाला आणि पाठीचे पट्टे सोडायला लागला. टाकी पुन्हा भरायची तर पुण्यालाच न्यायची होती.

मी काही बोलायच्या आत धाकटा माझ्याकडे वळला. “तुझा वाटा तू मागितलाच न्हाईस. मोटर त्यात काढायची व्हती.”

हंडा आणि पाइप घेऊन तिघे घराकडे गेले. मी कांद्याकडे गेलो. वाफ्यांना भेगा पडायला लागल्या होत्या, चौघांच्याही.