दत्ताभाऊंच्या नावावरचा ग्राफ

मंगळवारी सकाळी अकरा वाजता दत्ताभाऊ लाल झाले. म्हणजे ते स्वतः नाही, आमच्या कॉम्प्युटरवरचं त्यांचं नाव.

मी तळेगावात एका मानसोपचार क्लिनिकमध्ये सोशल वर्कर आहे. डॉक्टर औषध देतात. ते घेतलं जातंय का, घरी काय चाललंय, हे बघणं माझं काम. दत्ताभाऊ आंबीचे. भातशेती, दोन म्हशी, वय पन्नाशीच्या आसपास. नावं अर्थात बदलली आहेत. त्यांना बायपोलर आहे. या आजारात मूड कधी महिनोन्‌महिने खाली जातो, कधी एकदम वर. वर गेला की त्याला मेनिया म्हणतात. झोप लागत नाही, तरी थकवा येत नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात मोठमोठे बेत येतात. मागच्या मेनियात भाऊंनी भाताच्या खाचरात पर्यटकांसाठी बोटिंगचं तळं करायचं ठरवलं होतं. जेसीबी येऊन उभा राहिला तेव्हा घरच्यांना कळलं.

असं पुन्हा होऊ नये म्हणून एका कंपनीचं ॲप आम्ही काही पेशंटच्या फोनमध्ये टाकलं होतं, त्यांना विचारूनच. पेशंट किती चालतो, किती फोन करतो, कुठे फिरतो, फोन किती वाजता थंडावतो (त्यावरून झोप कळते), हे ॲप आपोआप टिपतं. शिवाय रोज तीनदा विचारतं, ‘आज कसं वाटतंय?’ पाच चेहरे असतात, त्यातला एक दाबायचा. गडबड वाटली की नाव लाल.

मी भाऊंचा ग्राफ उघडला. चार दिवस झोप तीन-तीन तास. आदल्या दिवशी शंभरच्या वर फोन. एका दिवसात लोणावळा, कामशेत, वडगाव, देहूरोड. चेहरे तर विचारूच नका. सकाळी हसरा, दुपारी रागावलेला, संध्याकाळी रडका.

फोन लावला, बिझी. परत लावला, बिझी. त्यांच्या बायकोचा, सुनंदाताईंचा, लावला तर बंद.

आमच्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना, ग्राफ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. “हा टेक्स्टबुकमधला मेनिया आहे,” ते म्हणाले. “ओपीडी मी बघतो. तू जा. आज ॲडमिट करावं लागलं तर खाट मोकळी ठेवायला सांगतो.”

मी स्कूटर काढली. नकाशावर भाऊंचा निळा ठिपका आंबीत नव्हताच, इंदुरीत होता. मी पोचेपर्यंत तो गावात तीनदा हलला. एकदा किल्ल्याच्या बाजूला गेला, तेव्हा बुरुजावर चढून भाषण करणारे भाऊ मला डोळ्यांपुढे दिसले. ठिपक्यामागे दोन गल्ल्या फिरले आणि एका दारात सुनंदाताई भेटल्या. घामाघूम, हातात मोठी पिशवी. मला वाटलं, याही नवऱ्याला शोधत फिरताहेत.

“ताई, घाबरू नका,” मी म्हटलं. “भाऊ सापडतील.”

“का? घरी न्हाईत का ते?” त्या म्हणाल्या. “लसूण सोलाया बसवून आलेय त्यांना.”

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. भाऊंचा.

पुढचं सगळं त्यांनी त्याच दाराच्या ओट्यावर बसून सांगितलं. मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं. त्यांचा स्वतःचा फोन पाण्याच्या टाकीत पडला, म्हणून नवऱ्याचा घेतला. त्या फोनवरून मंडपवाला, आचारी, विहीणबाई. पत्रिका वाटायला गावोगाव. पहाटेपासून लाडू. ॲप रोज चेहरा विचारायचं, तर दाबल्याशिवाय ते गप बसणार नाही असं समजून त्या दाबायच्या, आणि खरा दाबायच्या. विहीणबाईंचा फोन झाला की रागावलेला. पोरगी आता जाणार हे मनात आलं की रडका. ॲपने मध्ये सल्लाही दिला होता, डोळे मिटून पाच वेळा दीर्घ श्वास घ्या. देहूरोडला नणंदेच्या पलंगावर बसून त्यांनी तो पाळला. तिसऱ्या श्वासाला झोप लागली, तासाभराने उठल्या.

मी विचारलं, एवढं एकटीने का करताय?

“त्यांची झोप मोडली की काय व्हतं ते मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “म्हनून त्यांना कुटंच हलू दिलं न्हाई. नऊला झोपवते. गोळी माझ्यासमोर.”

तरी मी आंबीला गेले. पेशंट बघितल्याशिवाय परतायचं नाही, हा आमचा नियम. भाऊ ओसरीवर लसणाच्या दोन पाट्या पुढ्यात घेऊन बसले होते. बोलणं नीट, झोप आठ तास. त्यांची तक्रार एकच होती. घरात लग्न, आणि नवरीच्या बापाला लसूण.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

“मग हा ग्राफ कोणाचा?”

“सुनंदाताईंचा.”

“त्यांना झोपायला सांग,” सर म्हणाले, आणि खाट रद्द केली.

निघताना सुनंदाताईंनी ॲपबद्दलचं आपलं मत ऐकवलं. त्याला काय कळतंय, म्हणाल्या. भाऊंची गाडी वर निघाली की त्यांना दोन दिवस आधी समजतं.

“कसं?”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “मला मॅडम म्हनाया लागतात. एरवी ‘अगं’ म्हनतात.”

भाऊंनी मान खाली घालून लसूण सोलायचा वेग वाढवला. पण नाही म्हणाले नाहीत.

सुनंदाताईंना दुसरा फोन आला, भाऊंचा भाऊंकडे परत गेला. ॲपमध्ये पेशंटसाठी एक खास प्रश्न घालायची सोय होती. मी घातला: ‘आज बायकोला मॅडम म्हणालो का?’ उत्तर दोघांनी मिळून द्यायचं ठरलं.

लग्न व्यवस्थित पार पडलं. पाठवणीनंतर पाचव्या दिवशी उत्तर आलं, ‘हो’. ग्राफ तेव्हा हिरवागार होता. आम्ही त्याच दिवशी दोघांना बोलावून घेतलं. सरांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं, गोळ्या वाढवल्या. भाऊ आठवडाभर जरा जास्त बोलले, म्हशींची नावं बदलली, आणि उतरले. ॲडमिट करावं लागलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

महिन्याने कंपनीची ईमेल आली. तुमचा मॅडमवाला प्रश्न फार अचूक ठरला आहे, तो सगळ्या पेशंटना लागू करावा का?

मी कळवलं, करू नका. प्रत्येक घरातला प्रश्न वेगळा असतो, तो घरी जाऊन, चहा घेऊन विचारावा लागतो. त्यांनी उलट विचारलं, ही प्रोसेस ऑटोमेट करता येईल का.