वाकड्या शिंगाची म्हैस

कोल्हापुरात राहून कागदाचे बगळे करत बसण्यात अर्थ नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. बगळा दाखवला की लोक विचारत, "उडतंय का?" उडत नाही म्हटलं की विषय संपला. बेडूक उडी मारायचा, म्हणून त्याला थोडा मान होता. मी हायस्कुलात भूमिती शिकवतो आणि उरलेल्या वेळात ओरिगामी करतो. एक चौकोनी कागद, कात्री नाही, डिंक नाही, नुसत्या घड्या घालून प्राणी काढायचा. ज्याला ज्याला हे समजावून सांगितलं त्यानं शेवटी एकच विचारलं, "पण कात्री का न्हाय?" त्याला पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्यांनी शोधलेल्या घड्या घालून कंटाळलो तेव्हा ठरवलं, आता स्वतःचं काहीतरी काढायचं. आणि कोल्हापूरच्या माणसानं काढायचं तर म्हैसच. दुसऱ्या प्राण्याकडं इथं कुणी ढुंकून बघत नाही.

नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही. पलीकडच्या गल्लीतले गवळीमामा संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन यायचे आणि समोर धार काढून फेसाळ पेला हातात द्यायचे. त्यांची म्हैस पेठेत प्रसिद्ध होती. उजवं शिंग सरळ मागं गेलेलं, डावं मात्र गालाजवळून खाली उतरून पुन्हा वर वळलेलं. मामा तिच्याशी इतक्या अदबीनं बोलत की तसं ते घरात कुणाशी बोलत असतील असं वाटत नाही. मी रोज जाऊन पेला हातात धरून तिच्याकडं बघत बसायचो. सरांना आपलं दूध आवडतं, असा मामांचा समज झाला. मला दूध पचत नाही, हे सांगायची सोय उरली नाही.

अडचण त्या डाव्या शिंगाची होती. कागद मधोमध दुमडला की दोन्ही बाजू सारख्या होतात, हे मी मुलांना पहिल्याच तासाला शिकवतो. इथं एक शिंग वाकडं करायचं आणि बाकीची म्हैस सरळ ठेवायची. एक शिंग वळवलं की एक पाय आखूड व्हायचा. पाय सांभाळला की पाठीला कुबड यायचं. घरात जिकडंतिकडं लंगड्या म्हशी झाल्या. शेवटी एका रविवारी पातळ काळ्या कागदावर शिंग जागच्या जागी वळलं आणि मी एवढ्यानं ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच आली. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "ही मामांची म्हैस की." म्हणजे जमली होती. आनंदानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. पण सगळ्या घड्यांच्या आकृत्या काढून, कोपऱ्यात माझं नाव घालून मी ती म्हैस इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. हवी त्यानं करा, फक्त रचनाकाराचं नाव राहू द्या, एवढीच विनंती. लवकरच एका परदेशी गृहस्थाचा फोटो आला. त्यानं माझं नाव अगदी ठळक लिहिलं होतं, वर आदरानं आभार मानले होते आणि डावं शिंग चुकून वाकलंय असं समजून सरळ करून टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, सुंदर रानरेडा.

मग गडहिंग्लजच्या मावशीनं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. कुणाचे तरी हात, मागं बासरी, आणि माझी म्हैस. शिंग बरोब्बर वाकडं. पण सुरुवातीला दाखवलेल्या माझ्या आकृतीचा नाव असलेला कोपरा कापलेला, आणि मधे तर चक्क कात्री येऊन चार पाय कापून मोकळे करत होती. खाली मावशीचा निरोप, "बघ, लोकं किती हुशार असत्यात. तू बी कागदातच बसतोस न्हवं, शीक की जरा."

माझं डोकं फिरलं. तो व्हिडिओ ज्या ज्या ग्रुपवर दिसेल तिथं 'ही रचना माझी आहे' असं मी लिहायला लागलो. उत्तरादाखल लोक जोडलेले हात आणि शुभ सकाळ पाठवत. शिक्षकांच्या ग्रुपवर मी चोरीवर एक मोठा परिच्छेद लिहिला, त्यावर एकानं विचारलं, "सर, व्हिडिओ परत टाका ना, डिलीट झाला." बायको म्हणाली, "एवढं काय करताय? म्हैस काय तुम्ही जन्माला घातलीसा?" मी म्हटलं, कागदाची तरी मीच घातली. मला पैसे नकोत, हार नकोत, या गावात निदान एकानं तरी 'कुणी केली' एवढं विचारावं, असं मनापासून वाटत होतं.

श्रावणात मामांची ती म्हैस पोट फुगून गेली. मी मामांना भेटून आलो. दुसरी म्हैस घेऊन ते कट्ट्यावर येत राहिले, पण तिच्याशी बोलत नसत.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं घालायची, अंगावरचे केस भादरून पोटावर मालकाचं नाव काढायचं, आणि मालकाच्या मोटरसायकलीमागं म्हैस पळवायची. मामांनी या वर्षी मिरवणार नाही म्हणून सांगितलं होतं. पाडव्याला मी चौकात गेलो तर मामांच्या गोठ्यापर्यंत दोऱ्यांवर काळ्या कागदी म्हशी टांगलेल्या. वाकड्या शिंगाच्या, कापलेल्या पायांच्या. आणि प्रत्येकीच्या पोटावर पांढऱ्या रंगात नाव, मामांचं.

मंडळाचा एक कार्यकर्ता शिडीवरून उतरत होता. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "हे नाव कुणाला विचारून घातलं?"

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. "पावणं, इचारायचं काय त्यात? शिंग बघा की. आंधळा बी सांगंल कुणाची म्हस हाय ती. मोबाईलवर आली आन् आमी लगीच वळखली."

जन्मापासून ज्या पेठेत राहतो तिथं मी पाहुणा झालो होतो. 'रचनाकार' हा शब्द तोंडापर्यंत आला होता. तेवढ्यात गोठ्यातून मामा बाहेर आले. त्यांनी हात वर करून एक म्हैस दोऱ्यावरून उतरवून घेतली आणि खऱ्या म्हशीला कुरवाळावं तसं तिच्या डाव्या शिंगावरून अंगठा फिरवत राहिले. डोळे भरून आले होते. मग त्यांनी ती उलटी केली.

"सर, हिचं पाय कापल्यात की ह्यांनी."

"व्हय मामा," मी म्हणालो. "न कापता होते. मी देतो करून."

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माझ्याबद्दल शंका असावी.

"तुमास्नी जमतंय व्हय?"

एवढे महिने उत्तर पाठ करून ठेवलं होतं. पण त्या अंगठ्याखालच्या शिंगाकडं बघून ते काही बाहेर येईना.

"बघतो," मी म्हणालो.

घरी येऊन मोठा कागद घेतला आणि सावकाश घड्या घातल्या. चारही पायांवर उभी राहिली. बायकोनं पांढरा रंग आणून समोर ठेवला. पोटावर मी मामांचं नाव काढलं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर नेऊन दिली. मामांनी चारी पाय तपासले, शिंग बघितलं, नाव वाचलं. मग फेसाळ पेला माझ्या हातात देत म्हणाले, "लगीच शिकलासा की, सर."

मी दूध पिऊन टाकलं.