हिमोढाभोवतीची लाल रेघ

"ही रेघ जरा अलीकडं घ्या, म्हणजे माझ्या सगळ्या कॉटेजेस बाहेर निघतील."

थोटेकाकांनी नकाशावर बोट ठेवलं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात एसी चालू होता, तरी मला घाम आला. कारण ती रेघ मी मारली होती.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. मुकुंदवाडीतल्या आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सुट्टीत एका छोट्या सर्व्हे कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. थोटेकाका आमचे क्लायंट, बिडकीनचे. त्यांना लाहौलमध्ये एका हिमनदीच्या खालच्या अंगाला टुरिस्टांसाठी कॉटेजेस बांधायच्या होत्या. जागा बघायला आमचे बॉस शिंदे सर आणि मी गेलो. उंचीमुळं सरांना चक्कर यायला लागली, ते खालच्या गावात थांबले. वर गाईडबरोबर मी चालले.

हिमनदी डोंगर खरवडत खाली येते. दगडमाती सोबत आणते. हवा तापली की तिचं टोक मागं सरतं आणि आणलेलं ओझं तिथंच राहतं, लांबलचक बांधासारखं. त्याला मोरेन म्हणतात, मराठीत हिमोढ. काकांची जागा म्हणजे असाच एक हिमोढ. माथा सपाट, समोर शिखर. कुणालाही मोह पडावा अशी.

नदीनं आणलेले दगड गोल असतात, आकाराप्रमाणं थरात लागतात. इथं म्हशीएवढा धोंडा आणि पिठासारखी माती शेजारीशेजारी पडली होती. मध्येमध्ये खड्डे होते. एका खड्ड्याची कड नुकतीच ढासळली होती आणि आत मळकट बर्फ दिसत होता. मी त्या सगळ्या भागाभोवती लाल रेघ मारली. लाल म्हणजे इथं बांधकाम नको.

"सर, तुम्हीच सांगा हिला," काका म्हणाले. "नदीचा जुना काठ आहे असं लिहा. पक्की जमीन."

सर चष्मा पुसत बसले. बर्फाचे फोटो त्यांनीही बघितले होते. तरी हळूच म्हणाले, "सोनाली, कडेचा थोडा भाग सोडता येईल का?"

"नाही सर."

सरांना मी पहिल्यांदाच नाही म्हणत होते. आवाज कापत होता.

"तुम्हीच शिकवलंय सर, जो जमिनीवर चालला त्यानंच रेघ मारायची. हलवायची तर वर जाऊ, मी पण येते. नायतर शीटवरचं माझं नाव काढा."

काका हसले. "पोरी, मुकुंदवाडीत तू बर्फ कुठं बघितला? रसवंतीवर?"

"व्हय काका, रसवंतीवरच. मामाची आहे. बर्फाच्या लादीवर काय टाकतात?"

"लाकडाचा भुसा."

"कशाला?"

"लवकर इरघळू नये म्हणून."

"मग? इरघळायचं थांबतं का? वरून लई वेळ तशीच दिसते. संध्याकाळी भुसा खाली बसलेला असतो."

काकांचं हसू गेलं. "म्हणजे माझ्या कॉटेजेस भुशावर?"

"भुशावर. खालची लादी कधी इरघळंल ते मला सांगता येत नाही. इरघळणार, एवढं सांगते."

"मी दुसऱ्याकडून रिपोर्ट घेईन."

"घ्या काका. फक्त त्याला वर चालायला लावा."

ते उठून गेले. मी मान खाली घालून बसले. कंपनीचं काम गेलं, आता माझंही जाणार, असं वाटलं. सरांनी शीट ओढली आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.

"असंच पाठव," म्हणाले. "आणि चहा सांग."

काही आठवड्यांनी काकांचा फोन आला. स्वतः वर जाऊन खड्डा खणून घेतला होता. खाली बर्फ लागला.

"कॉटेजेस पलीकडच्या कातळावर घेतोय. तिथून शिखर निम्मंच दिसतं. तुझ्यामुळं."

"बरं काका."

"त्या बांधावर नुसत्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या तर चालतील ना बाई?"

"चालतील. खुर्च्या उचलता येतात."

आभार त्यांनी मानले नाहीत, मीही वाट बघितली नाही. आता कुणाला नाही म्हणायचं असलं की आधी जागेवर जाऊन चालून येते. मग आवाज कापला तरी रेघ हलत नाही.